चीवराच्या चुण्या आणि मूर्तीचा काळ : उत्तर चीनमधील बुद्धमूर्तींची रेखाटनवही

उत्तर चीनमधील सुरुवातीच्या बुद्धमूर्ती छायाचित्रांवरून पेन्सिलीने रेखाटताना मी आता आधी चीवराच्या, म्हणजे भिक्षूच्या वस्त्राच्या, चुण्या काढतो आणि चेहरा अगदी शेवटी. चेहरा झिजलेला किंवा नंतरच्या डागडुजीत बदललेला असू शकतो. चुण्यांमध्ये मात्र कोरणाऱ्या हाताचे वळण टिकून राहते, आणि काळ ठरवताना मला त्यांचाच आधार अधिक भक्कम वाटतो.

वहीत सर्वांत जुनी आहे ती इ. स. ३३८ चा लेख असलेली, सध्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आशियाई कला संग्रहालयातील मुलाम्याची कांस्यमूर्ती. छातीवरून एकाखाली एक उतरणारे तिचे अर्धवर्तुळी वळसे गांधार परंपरेतले असले, तरी ते इतके नेमके सममित आहेत की खालचे शरीर जाणवतच नाही. हे रेखाटन लवकर झाले.

युनगांगच्या लेण्यांनी मात्र बराच वेळ घेतला. उत्तर वेई घराण्याचा सम्राट थायवू याने ४४६ मध्ये बौद्ध धर्मावर बंदी घातली, ती ४५२ मध्ये उठली, आणि ४६० च्या सुमारास भिक्षू थान्याओ याच्या देखरेखीखाली पिंगछेंग या उत्तर वेई राजधानीजवळ, म्हणजे आजच्या दातोंगजवळ, वालुकाश्मात पाच भव्य लेणी खोदण्यास आरंभ झाला. विसाव्या लेण्यातील बैठा बुद्ध सुमारे १३.७ मीटर उंच आहे. त्याचे खांदे रुंद आहेत, चीवराचा नागमोडी काठ उजव्या खांद्याला जेमतेम झाकतो, आणि चुण्या अंगावर चिकटवलेल्या चपट्या पट्ट्यांसारख्या दिसतात. ४३९ मध्ये वायव्येकडील लिआंगचौ प्रदेश जिंकल्यानंतर तेथील भिक्षू आणि कारागीर राजधानीत आणले गेले होते. या चुण्यांमधील मध्य आशियाई वळणाचा उगम मी तिकडेच शोधतो. (जवळपास त्याच दशकांत अजिंठ्याला कोरलेल्या बऱ्याच बुद्धमूर्तींवर चुण्या जवळजवळ नाहीतच, त्यामुळे दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहण्यात वेगळीच गंमत आहे.)

पुढचे स्थित्यंतर या वहीतील सर्वांत रंजक भाग आहे. सम्राट श्याओवेनने दरबाराचा पोशाख चिनी धाटणीचा केला आणि ४९४ मध्ये राजधानी लोयांगला हलवली. पण चिनी विद्वानाच्या सैल झग्यासारखे, छातीवर गाठ बांधलेले बुद्धाचे वस्त्र युनगांगच्या सहाव्या लेण्यातच दिसू लागते. लोयांगजवळच्या लोंगमेन लेण्यांच्या चुनखडीत ते पूर्ण रूपाला येते. तिथल्या, ५२३ मध्ये पूर्ण झालेल्या बिनयांगच्या मधल्या लेण्यात मुख्य बुद्धाचा चेहरा लांबट आहे, खांदे उतरते आहेत, आणि चीवराचा घोळ आसनावरून थरांवर थर रचत खाली येतो. इथे शरीर जवळजवळ नाहीसे होते आणि रेषाच मूर्ती घडवते, म्हणून पेन्सिलीला हा काळ सर्वाधिक मानवतो. केवळ रेषेचा विचार केला तर बिनयांगला मी युनगांगच्या वर ठेवीन, जरी भव्यतेत युनगांगला तोड नाही.

उत्तर वेई राज्य ५३४ मध्ये दुभंगले. पुढे उत्तर छी घराण्याच्या काळात (५५० ते ५७७) चीवर पुन्हा पातळ होऊन अंगाला चिकटते आणि गोलाई परत येते. त्यामागे गुप्तकालीन भारतीय नमुन्यांचा प्रभाव मानला जातो. १९९६ मध्ये छिंगचौ येथील लोंगशिंग मठाच्या जागी सापडलेल्या, रंग आणि सोन्याचा वर्ख टिकून राहिलेल्या चुनखडीच्या मूर्तींमध्ये हे उत्तम दिसते. त्यांतील काहींवर चुण्या कोरलेल्याच नाहीत, त्यामुळे सध्या पेन्सिल बाजूला ठेवून कोळशाने केवळ छायेतून खांदा आणि पोट उठवण्याचा सराव सुरू केला आहे.