स्वस्त घराला कर्ज मिळत नाही: ठाण्यात घर घेतानाचा माझा अनुभव

२०२५ साली आम्ही खारेगावात वन बीएचके घेतला. इमारत वीसेक वर्षांची, चौथा मजला, लिफ्ट आहे, किंमत ७२ लाख. ओळखीतले लोक दोन प्रश्न विचारतात. नौपाडा सोडून खाडीपलीकडे का गेलात? आणि एवढ्या पैशांत दिव्याला टू बीएचके आला असता, तो का नाही घेतला? दोन्हींचं उत्तर एकच आहे: बँक कर्ज देईल आणि हप्ता झेपेल असं घर आम्हाला इथेच मिळालं. घर शोधायला निघालेल्या प्रत्येक पगारदार माणसाला ते आधी कळावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्ही नौपाड्यात भाड्याने राहत होतो. नवरा ऐरोलीला नोकरीला, मी ठाण्यातच एका शाळेच्या ऑफिसात, मुलगी पाचवीत आणि सासूबाई. आम्ही राहत होतो ती इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि मालकांनी अ‍ॅग्रीमेंट पुढे वाढवायला नकार दिला. त्यात त्यांची काही चूक नव्हती. पण घर शोधायला बाहेर पडल्यावर कळलं की सगळ्या नौपाडा-पाचपाखाडीत हेच चाललं आहे. जुन्या इमारती रिकाम्या होतात, तिथल्या कुटुंबांना बिल्डर दरमहा भाडं देतो, आणि त्यांनाही मुलांची शाळा आणि म्हाताऱ्यांचे डॉक्टर सोडून लांब जायचं नसतं. मग ती सगळी कुटुंबं त्याच चार गल्ल्यांत घर शोधतात. भाडं बिल्डरच्या खिशातून येणार म्हटल्यावर आकडा चढतो. आम्ही २६ हजार भरत होतो, तसल्याच घराचे ३५ हजार ऐकायला लागलो. हप्ता आणि भाडं यांतलं अंतर तेव्हा पहिल्यांदा एवढं कमी झालं की विकत घेण्याचा विचार खरा वाटायला लागला.

आधी म्हाडा आणि सिडको या सरकारी संस्थांच्या घरांच्या लॉटरीचं बघितलं. म्हाडाच्या उत्पन्न गटांत मुंबई महानगर क्षेत्रासाठी वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प आणि १२ लाखांपर्यंत मध्यम गट धरतात, आणि नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र मोजतात. आमचं दोघांचं मिळून साधारण १४ लाख. ठाण्यात खाजगी प्रकल्पांतली जी घरं २० टक्के योजनेत म्हाडाला मिळतात ती खालच्या दोन गटांसाठी असतात, म्हणजे आम्ही त्यातून बाद. सिडकोच्या ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’ योजनेकडे डोळे लागले होते, पण जानेवारी २०२५ मध्ये किमती जाहीर झाल्या तेव्हा खारघर स्टेशनजवळचं अल्प उत्पन्न गटातलं घर ९७ लाखांवर आणि वाशी ट्रक टर्मिनलचं ७४ लाखांवर होतं. तळोज्याची घरं आवाक्यात होती, पण माझी शाळा ठाण्यात आणि सासूबाईंची दर महिन्याची तपासणी ठाण्यात. ज्या गटाचं नाव ‘अल्प उत्पन्न’, त्याला ९७ लाखांचं घर परवडेल हे कुणी कशाच्या आधारावर ठरवलं, हे मला आजही कळलेलं नाही.

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांचं गणित लवकर संपलं. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, त्यावर स्टॅम्प ड्युटी, आणि ताबा मिळेपर्यंत चालू भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही एकदम. दोन पगारांत ते बसत नव्हतं.

मग एजंटांनी स्वस्त घरं दाखवायला सुरुवात केली. दिवा, शीळच्या बाजूला, कळव्याच्या आतल्या भागात. ३२ लाख, ३८ लाख, दोन खोल्या मोठ्या, टाइल्स नव्या. कर्जाचं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर साधारण एकच: “ताई, कर्जाचं बघू या आपण. रोखीने जमलं तर अजून कमी करून देतो.” एका इमारतीत मी ओसी, म्हणजे महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, दाखवा म्हटलं, तर घरपट्टीची पावती हातात दिली. घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते. ती भरली म्हणून इमारत अधिकृत होत नाही.

इथेच सगळी गोम आहे. बँकेचा वकील बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि ओसी बघतो. ते नसेल तर मोठ्या बँका फाइल हातात घेत नाहीत. काही फायनान्स कंपन्या देतात, पण जास्त व्याजाने आणि किमतीच्या कमी हिश्शावर. म्हणजे ३५ लाखांचं घर घ्यायला जवळजवळ ३५ लाख हातात हवेत, आणि ७२ लाखांचं कागदपत्रं नीट असलेलं घर वीसेक लाख हातात असले की घेता येतं, बाकीचं कर्ज मिळतं. स्वस्त घर ज्याच्याकडे रोकड आहे त्याला स्वस्त आहे. पगारावर जगणाऱ्याला ते सगळ्यांत महाग, कारण त्याच्यापाशी फक्त दर महिन्याला हप्ता भरायची ताकद असते आणि ती ताकद त्या घराला चालत नाही.

शिवाय ते घर उभं राहील याची खात्री नाही. २०२५ मध्येच शीळ भागातल्या अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने पाडायला घेतल्या. त्याच्या आधी डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण गाजलं. त्यात महापालिकेच्या खोट्या परवानग्या लावून महारेराचे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे, नंबर मिळवले होते आणि ती घरं घेणारे बहुतेक आमच्यासारखेच होते. त्यामुळे रेरा नंबर आहे म्हणून कुणी निश्चिंत राहू नये. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या शहर विकास विभागात विचारावं. मी विचारायची. लोकांना हे अवघड वाटतं, पण तिथला माणूस नोंद बघून हो किंवा नाही सांगतो.

खारेगावचं घर फेब्रुवारीत पाहिलं. मालक निवृत्त काका, मुलाकडे पुण्याला जाणार होते. सांगितलेली किंमत ६७ लाख. इमारतीला ओसी होता, सोसायटी नोंदलेली होती, शेअर सर्टिफिकेट काकांच्या नावावर. काकांनी २०११ मध्ये पहिल्या मालकाकडून घेतलेलं, म्हणजे मालकीच्या साखळीत दोन करारनामे. दुसरा पूर्ण होता. पहिल्या, बिल्डरबरोबरच्या करारनाम्याची नोंदणीची मूळ पावती मात्र सापडेना. बँकेने तिथे फाइल थांबवली. त्यावर उपाय आहे, पण वेळ खातो: दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या दस्ताची प्रमाणित प्रत काढायची, पोलिसांत हरवल्याची नोंद करायची, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची, हरकतीसाठी मुदत सोडायची आणि मालकांकडून हमीपत्र घ्यायचं. काकांनी हे सगळं केलं, पण तोवर उन्हाळा सरला, आणि शेजारच्या विंगमधलं तेवढंच घर ७३ लाखांना गेलं. काका संकोचाने म्हणाले, “मुलगा म्हणतो ७२ च्या खाली देऊ नका.”

आता हिशोब सांगते, कारण या काळात सगळे म्हणत होते की व्याजदर उतरलेत, घर घ्यायची वेळ हीच. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला हे खरं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते. फेब्रुवारीत ६७ लाखांचं घर घेतलं असतं तर कर्ज ५३ लाख ६० हजार, ९ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता साधारण ४८ हजार २२५. आता ७२ लाखांच्या घराला कर्ज ५७ लाख ६० हजार, ८ टक्क्यांनी हप्ता ४८ हजार १८०. व्याजात एक टक्का उतरला तो सगळाच्या सगळा घराच्या किमतीत गेला. आमच्या महिन्याला पन्नास रुपयेही वाचले नाहीत, आणि हातातून द्यायच्या रकमेत सव्वा लाखाहून अधिक वाढले, कारण २० टक्के, स्टॅम्प ड्युटी आणि दलाली या तिन्ही किमतीबरोबर वाढतात. दर उतरल्याचा फायदा विकणाऱ्याला होतो आणि घेणाऱ्याची रोकड जास्त लागते, हे आम्ही स्वतः भोगलं.

रोकड किती लागली तेही लिहिते. स्वतःचा हिस्सा १४ लाख ४० हजार. ठाण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, पण खरेदीदार फक्त महिला असेल तर १ टक्का सवलत आहे, म्हणून ६ टक्क्यांनी ४ लाख ३२ हजार. नोंदणी फी ३० हजार. एजंटला एक टक्का, ७२ हजार. कर्जासाठी मूळ कागद बँकेत ठेवायचे त्याची ०.३ टक्के ड्युटी, साधारण १७ हजार. सोसायटीचे २५ हजार ६००. बेरीज २० लाखांच्या वर जाते, आणि बँकेची प्रोसेसिंग फी, वकील आणि सामान हलवणं वेगळं. किमतीवरच्या या वरखर्चाला कर्ज मिळत नाही. बचत, नवऱ्याच्या पीएफमधला अ‍ॅडव्हान्स आणि सासूबाईंची पोस्टातली ठेव असं मिळून ते जमलं.

घर माझ्या एकटीच्या नावावर घेण्याचं आधी नवऱ्याच्या भावाला पटत नव्हतं. त्या एका टक्क्याचे आमचे ७२ हजार वाचणार होते, पण दोघांची नावं लावली की सवलत जाते. नवरा कर्जात सहअर्जदार राहू शकतो, मालक नसला तरी चालतं. त्याला हप्त्यावर आयकराची वजावट मिळत नाही, पण आम्ही दोघंही नव्या करप्रणालीत आहोत आणि तिथे राहत्या घराच्या व्याजाची वजावट मुळातच नाही. सासूबाईंनी शेवटी विषय मिटवला. “तिच्याच नावावर करा. मी तिच्याच घरात राहणार आहे,” एवढंच त्या म्हणाल्या. मला ते वाक्य जन्मभर पुरेल.

सोसायटीचं प्रकरण मात्र नको इतकं ताणलं गेलं. सरकारी परिपत्रकानुसार महापालिका क्षेत्रात हस्तांतराचं प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, शिवाय हस्तांतर शुल्क ५०० आणि प्रवेश शुल्क १००. कमिटीने ‘इमारत निधी’ म्हणून आणखी लाखभर मागितले, ते दिल्याशिवाय एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, नाही म्हणाले. आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, विक्रीला सोसायटीची एनओसी लागतच नाही, पण बँक मागते, आणि तिथेच घेणारा अडकतो. मी परिपत्रकाची प्रत जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि लाख रुपयांची मागणीही लेखी द्या म्हणून विनंती केली. लेखी काही आलं नाही, एनओसी आली. माझं सांगणं इतकंच की तोंडी भांडू नका. अर्ज द्या आणि शिक्का मारलेली पोच जपून ठेवा.

नोंदणीचा दिवस त्या मानाने सोपा गेला. ड्युटी आणि फी ऑनलाइन चलनाने आधीच भरली होती, दस्ताची माहितीही आधी भरून ठेवली होती. टोकन, फोटो, अंगठे, ओळख पटवणारे दोघे, आणि दुपारपर्यंत दस्त हातात. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यावर, स्वतःचं नाव आणि फ्लॅटचा क्रमांक अक्षर अन् अक्षर तपासावं, कारण पुढे कर्ज आणि घरपट्टी दोन्ही त्यावर चालतात.

एक गोष्ट एजंट हमखास विसरतात. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावाचा आयकर, आधीच कापून भरायचा असतो (आमच्या वेळी तो २६क्यूबी फॉर्मने भरायचा होता), आणि त्याची जबाबदारी आपली, विकणाऱ्याची नाही. आमचे ७२ हजार काकांच्या रकमेतून कापले आणि प्रमाणपत्र त्यांना पाठवलं. त्यांना आधी धक्का बसला होता, पण आयकर भरताना ते वळते होतात हे समजावल्यावर शांत झाले. याबद्दल टोकनची रक्कम देतानाच बोलून घ्यावं.

आमच्या इमारतीचं एक काम अजून राहिलं आहे. जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नाही, सातबारावर अजून जुन्या मालकांचीच नावं आहेत. बँकेला त्याने अडलं नाही, पण उद्या रिडेव्हलपमेंटची वेळ आली तर त्याच्यावाचून एक पाऊल पुढे पडणार नाही. बिल्डर उत्तर देत नसला तरी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा, अर्ज करता येतो. गेल्या सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडला आणि ठराव झाला. कागद गोळा करायचं काम माझ्याकडे आलं आहे. ओसी आणि मंजूर नकाशा मिळाला, सोसायटीच्या नोंदणीचा दाखलाही मिळाला. काही सभासदांचे नोंदणीकृत करारनामे यायचे आहेत, ते या महिन्यात घरोघर जाऊन घेणार आहे.