गाडी धुण्याआधी कोरडा फडका बाजूला ठेवा

आमची गाडी गडद निळ्या रंगाची आहे. ती घेऊन तीन वर्षे झाली असतील, तेव्हा एका रात्री पेट्रोल पंपावर रांगेत उभे असताना छताच्या दिव्याचा उजेड बॉनेटवर पडला आणि त्या उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे शेकडो बारीक, गोलाकार चरे मला दिसले. गाडी कुठे घासली नव्हती, आपटली नव्हती, तिची काळजीही आम्ही मनापासून घेत होतो. रोज सकाळी ती पुसली जात होती, आणि चरे नेमके त्या पुसण्यातूनच पडले होते.

गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक लेप, मग प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. आपल्याला दिसणारी चकाकी त्या वरच्या थराची असते, आणि त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही कमी असते. पुण्यात आमच्या भागात सतत कुठे ना कुठे बांधकाम चालू असते, त्यामुळे रात्रभरात गाडीवर जी धूळ बसते तिच्यात सिमेंट आणि वाळूचे कण असतात. त्यावरून कोरडा किंवा अर्धवट ओला फडका फिरवणे म्हणजे इतक्या पातळ थरावर पॉलिशपेपर फिरवण्यासारखेच आहे. सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या दादांना मी यात दोष देत नाही, कारण एका बादलीत आणि एका फडक्यात त्यांना सकाळी आठच्या आत दहा-बारा गाड्या उरकायच्या असतात. मी त्यांना एवढेच सांगितले की पैसे ठरलेलेच घ्या, पण आमच्या गाडीच्या फक्त काचा पुसा. पत्रा मी दर रविवारी स्वतः धुते.

धुण्याची वेळ सकाळी सातच्या सुमारास, गाडी सावलीत असताना आणि बॉनेटला हात लावल्यावर ते थंड लागत असताना असावी. तापलेल्या पत्र्यावर शाम्पूचे पाणी जागीच सुकते आणि त्याचे डाग उठतात. मी दोन बादल्या घेते, एकीत गाडीचा शाम्पू घातलेले पाणी आणि दुसरीत नुसते पाणी. आधी मगाने किंवा झारीने टपापासून खालपर्यंत सावकाश पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्यायची आणि तोवर पत्र्याला हात लावायचा नाही. नंतर मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूच्या पाण्यात बुडवून टप, काचा, बॉनेट, डिकी, दरवाजांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा भाग या क्रमाने, गोल न फिरवता सरळ रेषेत, अजिबात दाब न देता फिरवायचा. प्रत्येक भाग झाला की हातमोजा आधी साध्या पाण्यात खंगाळायचा आणि मगच शाम्पूत बुडवायचा. काम संपल्यावर साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाला हात घालून पाहा. बोटांना जी कचकच लागते, ती एरवी पुन्हा गाडीवरच घासली गेली असती. चाकांसाठी वेगळी बादली आणि वेगळा ब्रश ठेवावा, कारण ब्रेकची काळी भुकटी पत्र्यावर जाता कामा नये.

कपडे धुण्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण मी वापरत नाही. पावडरीचे न विरघळलेले कण रुततात आणि भांड्यांचा साबण तेलकटपणा काढण्यासाठीच केलेला असल्यामुळे आधी लावलेले वॅक्सही काढून टाकतो.

बोअरच्या पाण्याविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे. आमच्या इमारतीत उन्हाळ्यात बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते आणि त्यात क्षार भरपूर असतात. थेंब सुकला की पाणी उडून जाते, पण कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे कडे मागे राहते आणि उन्हाने ते घट्ट धरून बसते. म्हणून शेवटची बादली मी शक्यतो नळाच्या पाण्याची ठेवते आणि गाडी आपोआप वाळू न देता जाड मायक्रोफायबरने लगेच टिपून घेते. घासायचे नाही, फडका पसरून ठेवायचा आणि अलगद ओढायचा. डाग राहिलेच तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून ते फडक्याने त्या जागेवर मिनिटभर लावायचे आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकायचे. हीच सबुरी पक्ष्यांच्या विष्ठेबाबत ठेवावी लागते. आमच्या पार्किंगवर जांभळाचे झाड आहे, त्यामुळे मे-जून महिन्यांत टपावर जांभळे ठिपके रोजचेच. विष्ठेतले आम्ल उन्हात क्लिअर कोटमध्ये खोल उतरते, म्हणून ती त्याच दिवशी काढायला हवी. मात्र वाळलेली विष्ठा खरवडू नये. तिच्यावर ओला फडका दहा मिनिटे नुसता ठेवावा, आतल्या बिया-खड्यांसह ती मऊ होते आणि मग फडक्यासोबत उचलली जाते.

पॉलिश आणि वॅक्स हे दोन शब्द आपल्याकडे एकाच अर्थाने वापरले जातात, आणि त्यातून बरेच नुकसान होते. पॉलिशमध्ये अतिशय बारीक घासणारे कण असतात. ते क्लिअर कोटचा किंचित भाग काढून चऱ्यांच्या कडा सपाट करतात, म्हणून चकाकी परत येते. वॅक्स काही काढत नाही, ते वरून एक थर देते. पॉलिशने प्रत्येक वेळी मुळातली पुंजी खर्च होत असल्यामुळे मी ते दीड-दोन वर्षांतून एकदाच आणि तेही गरज असलेल्या भागापुरतेच करते. त्याआधी चऱ्यावरून नख हलकेच फिरवून पाहावे. नख अडकले तर चरा खोल आहे आणि हाताने कितीही पॉलिश केले तरी तो जाणार नाही. अशा ठिकाणी जोर लावून क्लिअर कोट झिजवण्यापेक्षा चरा तसाच राहू द्यावा. पॉलिश करताना दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्यावा, स्पंजवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर आधी मास्किंग टेप लावावी, नाहीतर खाचांत अडकलेले पांढरे पॉलिश नंतर निघता निघत नाही.

वॅक्स मात्र मी वर्षातून चार वेळा लावते आणि त्यातली एक वेळ पावसाळ्याच्या तोंडावर, मेच्या अखेरीस ठरलेली आहे. मी कार्नोबा वॅक्स वापरते. ईशान्य ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर हे मेण येते, पाने वाळवून झोडपली की ते सुटे होते. ते साधारण 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे वनस्पतिजन्य मेणांमध्ये ते फारच कणखर आहे. लावताना थर इतका पातळ असावा की जेमतेम दिसावा. जास्त लावल्याने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसायचे श्रम वाढतात. दहा-पंधरा मिनिटांत त्यावर धुकट साय येते. तिच्यावरून बोट ओढले आणि खालचा रंग स्वच्छ दिसला तर ते पुसण्याजोगे झाले. बोटामागे ओशट रेघ राहिली तर आणखी थांबावे.

दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा होते. पूर्वी ओल्या कुंकवाचे स्वस्तिक बॉनेटवर काढले जायचे आणि झेंडूचा हार पुढे बांधूनच आम्ही गावाला निघायचो. परत आल्यावर हाराचा दोरा जिथे वाऱ्याने फडफडत होता, तिथे पत्र्यावर निस्तेज पट्टा उमटलेला असायचा. आता आई स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढते आणि हार निघण्यापूर्वी सोडून घरातल्या देवांपुढे ठेवते. पूजेत काहीही उणे राहत नाही.

शेवटी फडक्यांविषयी. मायक्रोफायबर इतर कपड्यांबरोबर धुऊ नये, कारण सुती कपड्यांचे तंतू त्याला चिकटतात, आणि कपडे मऊ करण्याचे द्रव त्याला लावू नये, त्याने पाणी टिपण्याची शक्ती जाते. मी ती हाताने धुऊन सावलीत वाळवते आणि झाकणाच्या डब्यात ठेवते. जो फडका जमिनीवर पडला, तो झटकून परत बॉनेटवर घ्यायचा नाही. त्याचा कोपरा कापून मी खूण करते, आणि त्या दिवसापासून तो फडका चाकांचा.