दोनच्या फरकाने

न्यूयॉर्कमधल्या एका स्टुडिओत मी रेकॉर्डिंग इंजिनिअर आहे. त्या दिवशी आलेल्या बँडमध्ये तिघंच होते: पियानो, बेस, ड्रम. गिटार नाही. पियानोवाल्याने आल्या आल्या सांगितलं, "क्लिक नको."

क्लिक म्हणजे कानात वाजत राहणारी टिकटिक. सगळे तिच्यावर वाजवतात, म्हणून मला नंतर एका टेकमधली (एका खेपेच्या रेकॉर्डिंगमधली) ओळ दुसऱ्यात बेमालूम बसवता येते. ती नसली की माझं काम दुप्पट. कारण विचारलं, तर म्हणाला, "कोर्टवर घड्याळ कुठे असतं?"

गाणं पिकअप बास्केटबॉलवरचं होतं, म्हणजे कोर्टवर जे जमतील त्यांनी तिथेच संघ पाडून खेळायचा तो. पियानोवरच्या रॉकमध्ये हा विषय अगदी नवा नाही. व्हर्जिनियाच्या ब्रूस हॉर्न्सबी या गायक-पियानोवादकाने 1993 च्या 'हार्बर लाइट्स' या अल्बममध्ये अशाच एका खेळाडूवर गाणं केलं आहे. पण आमच्या पियानोवाल्याने खेळाचे नियमच गाण्यात घातले होते. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा, सामना 48 मिनिटांचा. पिकअपचा डाव गुणांवर संपतो. बहुतेक ठिकाणी 11, आणि पुष्कळदा दोनच्या फरकाने जिंकावं लागतं. 10-10 झालं की तो कधी संपेल, देव जाणे. जिंकलेले कोर्टवर राहतात, हरलेल्यांच्या जागी "नेक्स्ट" म्हणून नंबर लावलेले येतात. पंच नसतोच, फाऊल ज्याला लागला त्यानेच ओरडायचा. (आमच्या गल्लीत ज्याची बॅट त्याचा निकाल असायचा. त्यापेक्षा ही पद्धत बरी.)

शेवटचं धृपद म्हणजे ते 10-10. ते किती वेळा घ्यायचं हे ठरलेलं नव्हतं. पियानोवाला मान हलवेल तेव्हा थांबायचं.

म्हणजे तिघांना एकमेकांचे चेहरे दिसायला हवेत, म्हणजे तिघं एकाच खोलीत, म्हणजे पियानोच्या माईकमध्ये ड्रम घुसणार. मी झाकण अर्धवट उघडं ठेवलं, माईक आत हातोड्यांजवळ नेले आणि वरून जाड गोधड्या टाकल्या. एरवी सोबत बेस असला की पियानोवाल्यांना मी डावा हात जरा हलका ठेवायला सांगते, नाहीतर खालच्या पट्टीत नुसता चिखल होतो. याने साफ नकार दिला. "डावा हात म्हणजे बॉल आहे." मग मीच बेसच्या आवाजातला खालचा भाग थोडा कापला.

सकाळभर सूर, ताल सगळं बरोबर येत होतं आणि गाणं मेलेलं होतं. दुपारी रेकॉर्डर घेऊन आम्ही वेस्ट फोर्थ स्ट्रीटच्या कोर्टवर गेलो. लोक त्याला 'केज' म्हणतात. सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूला लागून, नेहमीच्या मापापेक्षा लहान, आणि जाळीचं कुंपण इतकं जवळ की कडेचा खेळाडू त्यावर आपटतोच. मी माईक जाळीला टेकवला. टप्प्यात दोन आवाज असतात: जमिनीचा धप्प, आणि त्यामागून बॉलच्या आतल्या हवेचा बारीक टणत्कार. दुसरा जवळूनच कळतो.

पण खरं ऐकलं ते ड्रमवाल्याने. बॉल एका लयीत आपटत नाही. समोरच्याला जोखताना सावकाश दोन-तीन टप्पे, मग आत घुसताना एकदम दाटीने, आणि हातात धरला की पूर्ण शांतता. तो तिथेच मांडीवर ताल धरून बसला. परत आल्यावर त्याने कडव्यातली हाय-हॅटची (पायाने मिटणाऱ्या जोड-झांजेची) सलग टिकटिक काढून टाकली. ती जागा पियानोच्या डाव्या हाताला मिळाली, आणि गाणं धावायला लागलं.

संध्याकाळच्या टेकमध्ये पियानोवाला शेवट थांबवेचना. धृपद संपायच्या बेतात आलं की हा वर बघायचा आणि पुन्हा सुरू. बेसवाल्याला हसू आवरेना. ते हसू पियानोच्या माईकमध्ये स्पष्ट आलंय आणि मी ते मिक्समध्ये ठेवलं.

नंतर निर्मात्याचा मेल आला: शेवट फार लांबलाय, निम्मा कापता येईल का? मी तो तिघांना पुढे पाठवला. पियानोवाल्याचं एका शब्दाचं उत्तर आलं: "फाऊल!"