लॅपटॉपचं रिझोल्यूशन ठरवताना घोडं अडलं ते स्केलिंगपाशी

प्रोसेसर, रॅम, एसएसडी हे सगळं झटपट ठरलं. वेळ खाल्ला तो स्क्रीनने, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. माहितीपत्रकात ‘एफएचडी’, ‘टूके’, ‘२.८ के’ असं ठळक लिहून मोकळे होतात. आडवे-उभे पिक्सेल (चित्राचे ठिपके) किती, म्हणजे खरं रिझोल्यूशन काय, हे शोधायला पार तळाशी जावं लागतं. नुसतं ‘एचडी’ लिहिलं असेल तर बहुधा १३६६×७६८. १५.६ इंची स्क्रीनवर ते इंचाला जेमतेम १०० पिक्सेल पडतात. त्यावर ‘द्ध’ आणि ‘द्घ’ शेजारी शेजारी टाइप करून बघा, लहान अक्षरात फरक कळत नाही. वाचनाचं काम असेल तर हा पर्याय यादीतून काढूनच टाका.

खरी अडचण पुढे आहे. जास्त पिक्सेल म्हणजे स्क्रीनवर जास्त मजकूर मावणार, असं सरसकट धरून चालतात. तसं होत नाही, कारण मध्ये स्केलिंग येतं, म्हणजे अक्षरं आणि मेनू किती टक्के मोठे करून दाखवायचे ते. विंडोजचा १०० टक्क्यांचा हिशोब इंचाला ९६ पिक्सेल धरून केलेला आहे. १४ इंची २५६०×१६०० स्क्रीनवर इंचाला सुमारे २१६ पिक्सेल असतात. तिथे १०० टक्के ठेवलं तर मेनू वाचता वाचता डोळे दुखतात. म्हणून स्केलिंग वाढवावं लागतं, आणि वाढवलं की जागा घटते. पिक्सेलच्या आकड्याला स्केलिंगने भागायचं: २०० टक्क्यांवर उरते १२८०×८०० इतकीच जागा, १५० टक्क्यांवर साधारण १७०७×१०६७. त्याच आकाराच्या १९२०×१२०० स्क्रीनवर १२५ टक्के ठेवलं तर १५३६×९६० मिळते. म्हणजे महागडी स्क्रीन २०० टक्क्यांवर चालवली तर एक्सेलच्या ओळी स्वस्त स्क्रीनपेक्षा कमी दिसतात! अक्षरं मात्र कोरीव दिसतात, हे मान्य. हा भागाकार एकाही माहितीपत्रकात नसतो. निदान शिफारस केलेलं स्केलिंग तरी छापायला काय हरकत आहे?

दुसरा त्रास जुन्या सॉफ्टवेअरचा. ज्या प्रोग्रॅमला स्केलिंग कळत नाही, त्याची खिडकी विंडोज चित्रासारखी ताणून मोठी करतं, त्यामुळे अक्षरं धुरकट होतात. उपाय आहे: प्रोग्रॅमच्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, खालच्या ‘ओव्हरराइड’च्या चौकोनात टिक आणि यादीतून ‘सिस्टम (एन्हान्स्ड)’. बऱ्याचदा काम होतं, नेहमी नाही. यादीतला ‘ॲप्लिकेशन’ निवडला तर अक्षरं स्पष्ट पण बारीक होतात. बाहेरचा मॉनिटर १०० टक्क्यांवर आणि लॅपटॉप १५० वर असेल, तर अशा प्रोग्रॅमची खिडकी एकीकडून दुसरीकडे ओढली की पुन्हा धुरकट. साइन आउट करून परत आलं की कधी कधी सुधारते.

स्केलिंगला कंटाळून रिझोल्यूशनच कमी करू नका. एलसीडीचे पिक्सेल ठरलेले असतात. १९२० पिक्सेलचं चित्र २५६० वर पसरलं की कडा फुटतात.

माझा कौल असा: १४ इंचाला १९२०×१२००. इंचाला सुमारे १६२ पिक्सेल मिळतात, आणि हातभर अंतरावरून साधारण चांगल्या नजरेलाही सुटे पिक्सेल जेमतेमच दिसतात. १०८० ऐवजी १२०० ओळी मिळतात, त्या लांब मजकुराला फार उपयोगी. फोटोचं बारीक काम असेल तर २५६०×१६०० जरूर घ्या. १५.६ इंचात ३८४०×२१६० घेताना बॅटरीचा विचार करा: पिक्सेल १९२०×१०८० च्या चौपट, आणि इतक्या दाट पॅनेलमधून प्रकाश कमी पार होत असल्याने तेवढ्याच उजेडाला बॅकलाइट (पॅनेलमागचा दिवा) जास्त लागतो. गेम खेळणाऱ्यांच्या ग्राफिक्स चिपवरही तोच भार येतो.

हो, रंगांचं राहिलंच. पॅनेल किती रंग दाखवू शकतं हे एनटीएससी किंवा एसआरजीबी या मापांत लिहितात. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं पॅनेल फिकट असतं, रिझोल्यूशन कितीही असो. त्यापेक्षा ‘१०० टक्के एसआरजीबी’ आणि निदान ३०० निट्स (उजेडाचं माप) बघा. खिडकीपाशी बसून काम करायचं तर त्याहून जास्त.

एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये दोन-तीन वेगवेगळी पॅनेल येतात. त्यामुळे नावावर न जाता पूर्ण मॉडेल नंबर जुळवा, आणि मशीन समोर चालू असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले उघडून ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं रिझोल्यूशन आणि स्केलिंग, दोन्ही बघा. त्याच बैठकीत रोजच्या वापरातलं एखादं जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालवता आलं तर फारच उत्तम.