एरर आला की लगेच परत रन करू नका

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे जिथे कोड टाइप करून लगेच चालवता येतो तिथे, एरर आला की बहुतेक जण वरचा बाण दाबतात आणि तीच ओळ परत चालवतात, फार तर मध्ये एखादा प्रिंट टाकतात. मीपण कितीतरी वर्षं हेच करायचो. पण ट्रेसबॅक, म्हणजे कुठल्या फंक्शनमधून कुठे जाताना एरर आला ती यादी, स्क्रीनवर छापून झाला म्हणजे विषय संपला असं नसतं, तो मेमरीत तसाच जिवंत असतो आणि त्याच्या आत शिरता येतं.

परवाचंच सांगतो. मोठी फाइल वाचायची, प्रत्येक रेकॉर्डमधले मार्क घ्यायचे, बेरीज करायची, एवढंच फंक्शन. पंचवीसेक मिनिटं चाललं आणि टाइपएरर, इंट आणि स्ट्रिंगची बेरीज होत नाही म्हणून. म्हणजे कुठेतरी आकड्याच्या जागी मजकूर आलाय, पण लाखो रेकॉर्डमधला नेमका कुठला? ट्रेसबॅक फाइल, ओळ नंबर, फंक्शनचं नाव एवढं सांगतो, त्या क्षणी व्हेरिएबलमध्ये काय होतं ते नाही सांगत. मग पीडीबी हा पायथनसोबतच येणारा डीबगर, म्हणजे कोडच्या आत डोकावून चूक शोधायचं साधन, इम्पोर्ट केला, पीडीबी डॉट पीएम कॉल केलं, पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम, आणि जिथे मोडलं थेट त्याच फ्रेममध्ये, म्हणजे त्या फंक्शनच्या व्हेरिएबलसकट ठेवलेल्या नोंदीत, पोचलो. पी लिहून पुढे रेकॉर्डच्या व्हेरिएबलचं नाव दिलं तर मार्कांच्या जागी चक्क ‘गैरहजर’ लिहिलेलं. अप करून वरच्या, म्हणजे त्याला कॉल करणाऱ्या फंक्शनच्या, फ्रेममध्ये गेलो, तिथल्या काउंटरवरून फाइलमधली ओळपण मिळाली. दोन मिनिटांचं काम.

हे जमतं कारण न पकडलेल्या शेवटच्या एक्सेप्शनचा, म्हणजे एररचा, ट्रेसबॅक इंटरप्रिटर सिस मॉड्यूलमध्ये लास्ट ट्रेसबॅक म्हणून ठेवून देतो, ट्रेसबॅक फ्रेम धरून ठेवतो आणि फ्रेम तिच्या लोकल व्हेरिएबल धरून ठेवते. म्हणूनच घाई नको, मध्ये काही चुकीचं टाइप होऊन दुसरा एरर आला की पहिला गेलाच, माझं असं दोनदा झालंय. आणि याच कारणाने एररनंतर मोठी लिस्ट डिलीट करूनही कधीकधी मेमरी मोकळी होत नाही, फ्रेमने ती धरलेली असते.

नुसता ट्रेसबॅकपण आता बराच सुधारलाय. 2022 च्या पायथन 3.11 पासून ओळीतला नेमका कुठला भाग फसला ते खाली खुणा करून दाखवतो, आणि 3.13 पासून तुम्ही प्रॉम्प्टवर टाइप केलेली ओळपण त्यात दिसते, आधी तिथे नुसतं एसटीडीइन, लाइन 1 एवढंच यायचं.

पण कोडमध्ये नुसतं एक्सेप्ट आणि खाली पास, म्हणजे कुठलाही एरर पकड आणि काहीच करू नको, असं लिहून ठेवलं असेल तर यातलं काहीच मिळत नाही. एरर तिथेच गिळला जातो, त्यातून ते लूपच्या आत असेल तर प्रोग्राम थांबवायला दाबलेलं कंट्रोल सी पण गिळलं जातं आणि प्रोग्राम थांबवता थांबत नाही. असा कोड दिसला की मला खरंच राग येतो.

कॉमन लिस्प ही दुसरी प्रोग्रामिंग भाषा यात अजून पुढे आहे, तिथे डीबगर उघडतो तेव्हा स्टॅक, म्हणजे एकातून एक कॉल झालेल्या फंक्शनची सगळी रांग, शाबूत असतो, सोय करून ठेवली असेल तर दुसरी व्हॅल्यू देऊन तिथूनच पुढे जाता येतं. पायथनमध्ये तोवर स्टॅक उलगडून गेलेला असतो, फक्त बघता येतं. त्यामुळे गैरहजरची अट घालून ती पंचवीस मिनिटं मला परत काढावीच लागली, पण एकदाच.