धृपद नसलेलं गाणं वाजवताना

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या ‘पॉझिटिव्हली फोर्थ स्ट्रीट’ या गाण्याला धृपदच नाही. चार-चार ओळींची बारा कडवी एकामागून एक येतात आणि शीर्षकातले शब्द त्यांत कुठेही नाहीत. तोंडावर मैत्रीचा आव आणून पाठीमागे नावं ठेवणाऱ्या माणसाला गाणारा सगळं ऐकवतो, पण आवाज न चढवता. शेवटी सांगतो काय, तर माझ्या जागी येऊन बघ, तुला भेटणं किती जिवावर येतं ते कळेल. हा वीट वाजवण्यात उतरला पाहिजे, आणि अवघड तेच आहे.

मूळ ध्वनिमुद्रण एफ शार्पमध्ये आहे. त्या पट्टीत बार कॉर्डनी (एकच बोट आडवं ठेवून अनेक तारा दाबायचे कॉर्ड) बोटं आखडतात, म्हणून गिटार अर्धा सूर उतरवा (जाड तारेपासून डी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प, ए शार्प, डी शार्प) आणि कॉर्ड जी मेजरचे धरा. वरून उतरवत आणलेली तार नंतर आणखी ढिली पडते. ती थोडी जास्त उतरवून मग चढवत सुरात आणा. सहाही झाल्या की पहिलीपासून पुन्हा तपासा. एकूण ताण कमी झाल्यामुळे आधी लावलेल्या तारा किंचित चढलेल्या असतात.

प्रत्येक कडव्याचे कॉर्ड असे: जी, ए मायनर, सी, जी. मग डी, सी, ई मायनर, डी. कडवं संपलं, पुन्हा जी. तो शेवटचा डी फार मोलाचा: बोलणं अजून संपलेलं नाही हे तोच सांगतो. तिथे दम खात थांबलात तर गाण्याचे बारा तुकडे होतात.

बिघडतं ते साधारण सहाव्या कडव्यापासून. तेच कॉर्ड वाजवून हात कंटाळतो, मग लय पळते, स्ट्रमिंग (तारांवरून हात फिरवणं) जड होतं, ड्रमर प्रत्येक कडव्याच्या तोंडाशी फिल (ठेक्यात भरीचा छोटा तुकडा) घालतो. ऐकणाऱ्याला मग नुसता राग ऐकू येतो. सराव रेकॉर्ड करून दुसरं आणि अकरावं कडवं लागोपाठ ऐका. वेग आणि जोर सारखाच हवा.

डिलनचं मूळ ध्वनिमुद्रण 29 जुलै 1965 चं, न्यूयॉर्कमधलं. चारच दिवस आधी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेतल्याबद्दल डिलनची हुर्यो उडवली गेली होती. तरी अल कूपरचा ऑर्गन इथे किती प्रसन्न आहे! कीबोर्डवाला असेल तर त्याला तो तसाच वाजवू द्या. शब्दांचा कडवटपणा त्याने सुरांत आणायची काहीच गरज नाही.

रेकॉर्डवर गाणं हळूहळू विरत जातं. मंचावर शेवटच्या कडव्यानंतर कॉर्डचा एक फेरा नुसता वाजवा आणि जी कॉर्डवर थांबा.