बदली मंजूर आहे, रिलीव्ह व्हायचे बाकी आहे

मी नर्स आहे, आणि मेडिकल वॉर्डातून अतिदक्षता विभागात (आयसीयूत) माझी बदली मंजूर झाली आहे. मुलाखत झाली, आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरांनी होकार दिला, मेट्रन मॅडमनी अर्जावर सही केली. तरीही पुढच्या महिन्याचे रोस्टर लागले तेव्हा माझे नाव नेहमीच्याच ओळीत, नाईट ड्यूट्यांसकट होते. विचारणा केली की उत्तर ठरलेले असते: बदली झालेलीच आहे, वॉर्डाने रिलीव्ह केले की लगेच जा.

एकाच इमारतीतल्या एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला इतका वेळ का लागावा, असे घरच्यांनाही वाटते. मी वॉर्ड सोडला की तिन्ही पाळ्यांच्या मांडणीत एक जागा रिकामी होते, आणि ती भरायची म्हणजे भरती, नोंदणीची पडताळणी, आरोग्य तपासणी आणि त्यानंतर ओरिएंटेशन असा सगळा क्रम पार पडावा लागतो. ओरिएंटेशनच्या काळात नव्या नर्सचे नाव रोस्टरवर दिसते, पण तिच्याकडे स्वतंत्रपणे रुग्ण दिलेले नसतात, त्यामुळे कागदावर भरलेली जागा प्रत्यक्षात आणखी काही आठवडे रिकामीच असते. तिकडे आयसीयूतही मला शिकवण्यासाठी एक अनुभवी नर्स मोकळी असावी लागते, आणि ती एका वेळी एकाच नवख्या नर्सला नीट सांभाळू शकते. वॉर्डाची सोय आणि आयसीयूची सोय एकाच पंधरवड्यात जुळून यावी लागते. एकीकडे कोणी दीर्घ रजेवर गेले की दुसरीकडची तारीखही आपोआप पुढे सरकते.

आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांवर माझा राग नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. कॅलिफोर्निया राज्यात एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत हे कायद्यानेच ठरलेले आहे: आयसीयूत २, आणि मेडिकल-सर्जिकल वॉर्डात २००५ पासून ५. असे बंधन नसते तिथे वॉर्डातली एक नर्स कमी झाली म्हणून खाटा कमी होत नाहीत. उरलेल्या नर्सेसमध्ये रुग्ण वाटून दिले जातात आणि त्या दिवशीची औषधांची फेरी जेवणाच्या वेळेपर्यंत लांबते. मला आज सोडले तर हा भार कोणावर पडेल हे त्यांना नावानिशी ठाऊक आहे, आणि मलाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. मी राजीनामा दिला असता तर नोटिशीचा काळ ठरलेला असता, तो संपला की वॉर्डाला मला सोडावेच लागले असते, आणि त्या तारखेच्या धाकाने माझ्या जागी येणाऱ्या माणसाची सोयही कशीबशी झाली असती. मी याच रुग्णालयात राहायचे ठरवले, म्हणून माझ्या जाण्याला मात्र तारीख नाही. बाहेर पडणाऱ्या व्यक्तीला जे आपोआप मिळते ते आत राहणाऱ्याला मागूनही मिळू नये, ही व्यवस्था मला उफराटी वाटते. त्यातही जिच्यावर वॉर्ड जास्त विसंबून असतो, जिला अवघड रुग्ण बिनधास्त देता येतात, विद्यार्थिनी जिच्या हाताखाली लावल्या जातात, तिचीच सुटका सर्वांत उशिरा होते. अशी नर्स कंटाळून दुसऱ्या रुग्णालयात गेली तर वॉर्डाचीही जागा रिकामी होते आणि आयसीयूचीही. शिवाय इथल्या नोंदींची पद्धत, औषधविभागाच्या वेळा, क्रॅश कार्टच्या, म्हणजे आपत्कालीन औषधे-उपकरणांच्या ट्रॉलीच्या, कोणत्या कप्प्यात काय आहे, हे सगळे जिला आधीच माहीत आहे अशी व्यक्ती हातची जाते ती वेगळीच.

गंमत म्हणजे आयसीयूत माणसे कमी पडली की एखाद्या पाळीपुरते मला तिकडे पाठवतात. तात्पुरते द्यायला वॉर्डाला जमते, कायमचे द्यायला जमत नाही.

या काळात वॉर्डातले माझे स्थान जरा विचित्र झाले आहे. संसर्ग नियंत्रणाची जबाबदारी दुसऱ्या सिस्टरकडे देण्याचे ठरले, ते योग्यच होते. पण तिने ती अजून घेतलेली नाही, म्हणून हात धुण्याच्या पाहणीचे तक्ते मीच भरते. सहकारी सिस्टर हँडओव्हर देताना 'तू काय, आता चाललीस' असे सहज म्हणून जातात, आणि त्या म्हणण्यात थट्टा किती आणि तक्रार किती याचा अंदाज येत नाही. मी स्वतःपुरते एवढे ठरवले आहे की रजा, नाईट आणि सणावारांच्या ड्यूट्या यांत कोणतीही सवलत मागायची नाही, कारण बदलीची वाट पाहणाऱ्या नर्सने अर्धे लक्ष काढून घेतले तर त्याची किंमत वॉर्डातल्या रुग्णांना मोजावी लागते.

मला जायचे का आहे, हेही सांगितले पाहिजे. वॉर्डात रुग्ण बिघडू लागला की बहुतेक वेळा आधी श्वासाचा वेग वाढतो, रक्तदाब नंतर उतरतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली 'न्यूज' ही गुणपद्धती याच निरीक्षणांवर उभी आहे: श्वास, ऑक्सिजनचे प्रमाण, नाडी, रक्तदाब, शुद्ध आणि ताप यांना गुण द्यायचे, ऑक्सिजन लावलेला असेल तर त्याचेही गुण मिळवायचे, बेरीज ५ झाली की तातडीने डॉक्टरांना बोलवायचे आणि ७ झाली की आपत्कालीन पथकाला. हे ओळखणे आणि वेळेत हाक मारणे मला वॉर्डाने शिकवले. पण त्यानंतर रुग्ण ट्रॉलीवरून आयसीयूत जातो आणि आमच्यासाठी त्याची हकीकत तिथेच तुटते. त्याला व्हेंटिलेटर लागला का, रक्तदाब टिकवणारी औषधे कधी कमी करता आली, आमची हाक वेळेत गेली होती की उशिरा, हे नंतर कोणाकडून तरी तुकड्यातुकड्यांनी कळते. तो पुढचा भाग मला रुग्णाजवळ उभे राहून पाहायचा आणि करायचा आहे.

तयारी म्हणून मी वाचते आहे, पण वाचण्याची मर्यादा लवकर दिसते. धमनीतील रक्तदाब मोजताना ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब टिपणारे उपकरण, हृदयाच्या उजव्या कर्णिकेच्या पातळीवर हवा, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या बरगडीमधल्या फटीच्या पातळीत, काखेच्या मध्यरेषेवर. तो १० सेंटीमीटर खाली राहिला तर दाब साधारण ७.५ मिलिमीटरने जास्त दिसतो, हे मला पाठ आहे. रात्री तीन वाजता खाट वरखाली केल्यावर तो पुन्हा पातळीत आणायचे हातांना आपसूक सुचणे ही वेगळी गोष्ट आहे. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८२ मध्ये नर्सच्या वाटचालीचे नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत पाच टप्पे मांडले, आणि अनुभवी नर्सही अपरिचित विभागात गेली की पुन्हा पहिल्या टप्प्यावर येऊ शकते हे त्यांत स्पष्ट केले. वॉर्डात एकाच वेळी अनेक रुग्णांपैकी आधी कोणाकडे धावायचे हे मला विचार न करता कळते. आयसीयूत एकाच रुग्णाच्या दर तासाच्या लघवीच्या आकड्यावरून पुढची दिशा ठरवायची असते. ही नवखेपणाची भीती आहेच, आणि प्रतीक्षा लांबते तशी ती कमी होण्याऐवजी वाढते, कारण तिला प्रत्यक्ष काम मिळत नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात मी तोंडी विचारणे थांबवून मेट्रन मॅडमना लेखी पत्र दिले. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत. नोटिशीच्या काळाइतक्याच मुदतीची, मग ती थोडी लांबची असली तरी चालेल, पण निश्चित अशी रिलीव्ह होण्याची तारीख द्यावी. तोपर्यंत आठवड्यातली एक पाळी आयसीयूत शिकण्यासाठी मिळावी, केवळ कमी पडलेली जागा भरण्यासाठी नव्हे. आणि तारीख पुढे ढकलावी लागली तर कारणासह नवी तारीख त्याच वेळी कळवावी. पत्राची प्रत दोन्ही इन्चार्ज सिस्टरांना दिली आहे. आमच्या सिस्टरांनी पाळीच्या मागणीला लगेच संमती दिली. तारखेबद्दल मात्र आयसीयूच्या ओरिएंटेशनची पुढची बॅच ठरण्याआधी कळवू, असे मेट्रन मॅडमनी सांगितले आहे.